तबकडीचा आवाज चांगला, की मोबाईलचा?



गौरी-गणपतीत मुंबईहून चाकरमानी घरी आले की कुणाच्या तरी माळ्यावरून जुना फोनो खाली येतो. काळ्या तबकड्यांवरची धूळ पुसली जाते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "खरा आवाज हा. तुमच्या मोबाईलला याची सर नाही." त्यावर नातवंडं हसतात. "आजोबा, नुसती खरखर तर आहे! मोबाईलवर बघा, कसं स्वच्छ ऐकू येतं." दोन्ही बाजू ठाम असतात आणि वाद तिथेच राहतो.

आम्ही रेडिओचं काम करतो म्हणून गटाच्या बैठकांना गेलो की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. "आमच्या वाडीतल्या आजींना गौरीच्या फेराची, भातलावणीची, जात्यावरची गाणी येतात. त्या आहेत तोवर त्यांचा आवाज कशात ठेवला तर नीट टिकेल?" ही गाणी बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत. ती त्या बाईच्या गळ्यात आहेत आणि ती गेली की तिच्याबरोबर जातात. म्हणून आज आपण दोन्ही प्रश्न एकत्र घेऊ. तबकडीत आणि मोबाईलमध्ये आवाज कसा साठतो हे एकदा समजलं, की आजींचा आवाज कसा जपायचा तेही आपोआप कळतं.

तबकडीत आवाज जातो कसा?

पितळेच्या टोपावर टिचकी मारा आणि लगेच त्याच्या काठाला बोट लावा. बोटाला थरथर जाणवते. काठ घट्ट धरला की थरथर थांबते आणि आवाजही थांबतो. आवाज म्हणजे ही थरथर. टोप हलतो, त्याच्याभोवतीची हवा हलते, ती हलणारी हवा आपल्या कानाच्या पडद्याला हलवते. बारीक, उंच आवाजात थरथर भराभर होते, जाड आवाजात सावकाश. तरुण, निरोगी कानाला सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकू येतात. वय वाढतं तसे वरचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात.

ही थरथर पकडून ठेवायची युक्ती अमेरिकेत थॉमस एडिसनने १८७७ साली केली. पुढे १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीचा ग्रामोफोन आणला. युक्ती साधी आहे. गाणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ पडदा हलतो, पडद्याला जोडलेली सुई हलते आणि फिरणाऱ्या तबकडीवर नागमोडी खाच पाडते. नंतर त्याच खाचेतून दुसरी सुई फिरवली की ती तशीच हलते आणि तोच आवाज परत निघतो. म्हणजे तबकडीवरची खाच हे आवाजाचं चित्रच असतं. भिंगाखाली पाहिलं तर ती नागमोडी रेघ डोळ्यांना दिसते.

आपल्या देशात १९०२ साली कोलकात्यात गौहर जान या गायिकेचं ध्वनिमुद्रण झालं. भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. तेव्हा माईक नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून गावं लागे. हलका सूर, तंबोऱ्याची बारीक आस, हे कर्णा पकडतच नसे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तास तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा! गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा ते कळावं म्हणून ही पद्धत पडली, असं मानलं जातं. ही नाव सांगायची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्या कामाला येणार आहे. विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. तेव्हापासून हळू गाणाऱ्यांचा आवाजही तबकडीवर नीट उतरू लागला.

या जुन्या तबकड्या कशाच्या होत्या, माहीत आहे? लाखेच्या. ज्या लाखेच्या बांगड्या आपण घालतो, तीच लाख. भारतातून ती मोठ्या प्रमाणात बाहेर जायची. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्या हातातून पडल्या की काचेसारख्या फुटायच्या. वरून त्यांच्यावर पोलादी सुईचा भार. दर बाजूला नवी सुई लावायची असा नियम होता, कारण घासून घासून तिचं टोक बोथट व्हायचं. प्रत्येक वेळी वाजवताना खाचही थोडी झिजायची.

१९४८ मध्ये प्लास्टिकच्या जातीतल्या विनाइलची लाँगप्ले तबकडी निघाली. ती मिनिटाला ३३ फेरे आणि एक तृतीयांश अशा सावकाश गतीने फिरते. खाच बारीक, सुई हलकी, खरखर कमी आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणं. आज शहरात "विनाइल" म्हणून जिचं कौतुक होतं, ती ही तबकडी.

मोबाईलमधला आवाज: ठिपक्यांची रांगोळी

मोबाईलमध्ये खाच नसते, मग तिथे आवाज राहतो कसा? समजा, दारात हाताने सरसर ओढलेली वेलाची रांगोळी आहे. तबकडीवरची रेघ तशी असते. आता तीच रांगोळी शेजारणीला फोनवरून सांगायची आहे. तुम्ही काय कराल? ठिपके मोजून सांगाल. पहिल्या ओळीत इतक्यावर, दुसऱ्या ओळीत तितक्यावर. ठिपके पुरेसे जवळ असतील, तर ती ते जोडून हुबेहूब तीच रांगोळी काढेल.

डिजिटल म्हणजे हेच. माईकमधून येणाऱ्या थरथरीची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा ही उंची मोजलेली असते आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी नोंदलेली असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बरेच जण म्हणतात, "ठिपक्यांच्या मधलं काय? तेवढा आवाज तर हरवलाच ना!" तसं होत नाही. जितका बारीक आवाज धरायचा, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप घेतलं, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ एकच निघू शकते, दुसरी नाही. आपला कान २०,००० कंपांपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीहून ४४,१०० जास्त आहे. म्हणून वाजवताना यंत्र ठिपके जोडतं तेव्हा पायऱ्यापायऱ्यांचा आवाज येत नाही, अखंड गोलाई परत मिळते.

मग जास्त चांगला कोणता?

सरळ उत्तर द्यायचं तर, नीट केलेलं डिजिटल ध्वनिमुद्रण मूळ आवाजाच्या जास्त जवळ असतं. त्याची कारणं मोजता येण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, खरखर. सुई खाचेवर घासते तेव्हा घासण्याचा आवाज येणारच. खूप हळू सूर त्या खरखरीत बुडतो. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांमध्ये जेवढं अंतर सीडी दाखवू शकते, तेवढं तबकडी दाखवू शकत नाही.

दुसरं कारण, तबकडीचा आकार. गौरीचा फेर धरताना बाहेरच्या रिंगणातली बाई जास्त चालते आणि आतली कमी, हो ना? तबकडीचंही तसंच. लाँगप्लेच्या सर्वांत बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सुमारे ९० सेंटिमीटर खाच जाते, आतल्या शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत दाटीवाटीने बसवावा लागतो. म्हणून तबकडीच्या शेवटी शेवटी बारीक आवाज जरा फाटके लागतात.

तिसरं कारण, झीज. तबकडी वाजवली की थोडी झिजते. आकड्यांना झीज नाही, हजार वेळा वाजवा, तेच आकडे.

मग आजोबांना तबकडी गोड का लागते? ते उगाच म्हणत नाहीत. त्यालाही कारणं आहेत. जुन्या फोनोला किंवा रेडिओग्रामला मोठी लाकडी पेटी आणि तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा स्पीकर असायचा. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. ढोलकीचा घुमारा नखाएवढ्या स्पीकरमधून येणारच कसा? तबकडी आणि मोबाईल यांचा सामना लावताना बहुतेक वेळा खरा सामना दोन स्पीकरमध्येच झालेला असतो.

आणखी एक कारण. १९९० नंतर पुष्कळ गाणी बाजारात आणताना सगळा आवाज वर चढवायची पद्धत पडली. हळू जागाही मोठी, मोठी जागाही मोठी. गाणं पटकन कानात भरतं, पण थोड्या वेळाने कान थकतो. तबकडीवर असं फार करता येत नाही, खाच वेडीवाकडी झाली तर सुई उडते. म्हणून जुन्या तबकडीत सुराचा चढ-उतार शिल्लक राहिलेला असतो. पण हा दोष आकड्यांचा नाही, आवाज चढवणाऱ्या हातांचा आहे.

आणि शेवटचं कारण म्हणजे आठवण. तबकडी काढायची, फडक्याने पुसायची, सुई अलगद ठेवायची आणि सगळ्यांनी बसून ऐकायचं. मोबाईलवरचं गाणं आपण भाजी चिरता चिरता ऐकतो. लक्ष देऊन ऐकलेलं जास्त गोड लागतं. आज जगभर तरुण मुलं तबकड्या विकत घेतात, त्यामागेही हे सुख आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. मात्र नव्या तबकड्यांपैकी कितीतरी डिजिटल ध्वनिमुद्रणावरूनच तयार होतात, हेही माहीत असू द्या.

घडी आणि कात्री

आता नातवंडांची बाजू तपासू. डिजिटल चांगलं, पण मोबाईलवर जे वाजतं ते सगळंच चांगलं असतं का? इथेच खरी गोम आहे.

सीडीच्या दर्जाचा आवाज खूप जागा घेतो, एका मिनिटाला सुमारे १० एमबी. म्हणून तो लहान करतात. लहान करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नऊवारीची घडी घालणं. घडी घातली की पातळ कमी जागेत बसतं, उलगडलं की पुन्हा तेवढंच. फ्लॅक नावाच्या फाइलमध्ये आवाजाची अशी घडी असते. दुसरी रीत म्हणजे कात्री लावणं. पदर कापला, काठ कापले, उरलेलं ठेवलं. जागा खूप वाचली, पण नऊवारी परत मिळणार नाही. एमपी-थ्री म्हणजे ही कात्री. ती साधारण एका मिनिटाला १ एमबी इतकी छोटी फाइल करू शकते, म्हणजे मूळच्या दहावा हिस्सा.

कात्री लावणाऱ्यांनी ती विचार करून लावली आहे, हे खरं. मिक्सर चालू असताना शेजारी बांगड्या किणकिणल्या तर आपल्याला ऐकू येत नाहीत. मोठा आवाज जवळच्या छोट्या आवाजाला झाकतो. जे तसंही ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचं, असा एमपी-थ्रीचा हिशेब आहे. मोठी फाइल ठेवली तर हा हिशेब इतका चांगला जमतो की भल्याभल्यांना फरक कळत नाही.

पण या एमपी-थ्रीच्या जन्माची एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ही पद्धत तयार करत होते. वाद्यमेळाची गाणी ठीक वाजत होती. मग त्यांनी अमेरिकेतल्या सुझान व्हेगा या गायिकेचं एक गाणं घेतलं. त्यात वाद्यं नाहीत, एकट्या बाईचा गळा. ते गाणं लहान केलं की आवाज चांगलाच बिघडायचा. ते गाणं परत परत लावून त्यांनी आपली पद्धत सुधारली. असं का झालं? कारण वाद्यांच्या गर्दीत चुका झाकल्या जातात, पण एकट्या गळ्यातला श्वास, कंप, शब्दाचा काठ यांतलं काहीही कापलं तरी कानाला लगेच कळतं.

आता सांगा, आपल्या आजी ओवी म्हणतात तेव्हा कोणती वाद्यं असतात? एक त्यांचा गळा आणि फार तर जात्याची घरघर. म्हणजे कात्रीने सर्वांत जास्त नुकसान ज्याचं होतं, तेच गाणं आपल्याकडे आहे.

व्हॉट्सॲपवर माईकचं चिन्ह दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज तर एमपी-थ्रीहूनही बारीक कापलेला असतो. तो बोलण्यासाठी केलेला आहे. बोलणं समजलं की त्याचं काम झालं. गाणं त्यासाठी नाही. व्हिडिओ पाठवला तर तोही लहान होऊन जातो आणि त्यातला आवाजही. मग कुणी तो व्हिडिओ दुसऱ्या ॲपवर टाकतं, तिथे पुन्हा कात्री. तिथून कुणी उतरवून घेतं, पुन्हा कात्री. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना आवाज कसा मळत जायचा ते आपल्याला आठवतं. डिजिटल नक्कल मळत नाही, नुसती नक्कल केली तर ती अगदी मुळासारखी असते. पण प्रत्येक वेळी लहान करत गेलो, तर मात्र झीज होते.

वाडीवाडीत आम्हाला हेच दिसतं. आजी गेल्या. त्यांच्या गाण्याचा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर आहे, पण तो दहा हातांतून फिरून आलेला. मागे पंखा, मध्येच हसण्याचे आवाज, शब्द अर्धे कळतात. मूळ ज्या मोबाईलवर केलं तो कधीच विकला किंवा बिघडला. घरच्यांना तेवढाच तुकडा सोन्यासारखा वाटतो. आणखी चांगला मिळाला असता, त्याच मोबाईलवर आणि एक पैसा जास्त न खर्चता, हे कळलं की जीव हळहळतो.

दोन उदाहरणं

आवाज जपायचा म्हटलं की गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची आठवण होते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. मोजक्याच तबकड्या त्यांनी दिल्या. पण त्यांतली एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. जगातलं निवडक संगीत तांब्याच्या, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर कोरून पाठवलं, त्यात आपल्या कोकणपट्टीतल्या या बाईंचा सूर आहे. तबकडी का निवडली? खाच डोळ्यांना दिसते, सुईने वाजते, ती वाचायला कुठलं ॲप लागत नाही. तबकडीचा मोठा गुण हा आहे. आकड्यांतला आवाज मात्र वाचायला यंत्र लागतं आणि यंत्रं बदलत राहतात. म्हणून डिजिटल आवाज कपाटात ठेवून विसरता येत नाही, दर काही वर्षांनी नव्या जागी उतरवून ठेवावा लागतो.

दुसरं उदाहरण आपल्यासारख्याच बायकांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हाँ यांनी अनेक वर्षं खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या आणि कितीतरी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पारी या संकेतस्थळावर आज त्या कुणालाही ऐकता येतात. गावागावांत चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी म्हणायची वेळच उरली नाही. पण त्या बायका हयात असताना काम झालं म्हणून त्यांचा आवाज आज आहे. कागदावर शब्द राहतात. चाल, श्वास घ्यायची जागा, बोलीचा हेल, हे फक्त आवाजातच राहतं.

आता आपल्या गटाने काय करायचं?

पहिली गोष्ट, परवानगी. आजींना विचारा. गाणं कुठे ऐकवणार, कुणाला देणार ते सांगा. काही गाणी घरातलीच असतात, ती बाहेर जाऊ नयेत असं वाटत असेल तर त्यांचा शब्द शेवटचा.

जागा नीट निवडा. लादी लावलेल्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. माजघरात, जिथे गोधड्या, कपडे, धान्याची पोती आहेत, तिथे तो घुमत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका. पंखा, टीव्ही, फ्रीज बंद. दुपारी सगळं शांत असतं ती वेळ चांगली.

मोबाईल विमानाच्या चिन्हावर टाका, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. तो हातात धरू नका, हाताची सळसळ येते. टेबलावर घडी केलेला टॉवेल, त्यावर मोबाईल. माईकचं छोटं भोक गाणाऱ्या बाईकडे आणि अंतर साधारण एक हात.

व्हॉट्सॲपमध्ये रेकॉर्ड करू नका. मोबाईलमधलं रेकॉर्डरचं ॲप उघडा. त्याच्या सेटिंगमध्ये दर्जा विचारतात. "वेव्ह" असेल तर ते निवडा, नसेल तर सर्वांत वरचा दर्जा. जागेची भीती बाळगू नका. एका माईकचं वेव्ह ध्वनिमुद्रण ताशी साधारण ३०० एमबी घेतं. ३२ जीबीच्या एका छोट्या कार्डात असे जवळजवळ १०० तास मावतात. वाडीतल्या सगळ्या आजींची सगळी गाणी त्यात बसतील.

आधी एक मिनिट करून ऐका. आवाज फाटत असेल तर मोबाईल जरा लांब न्या.

गाण्याआधी गौहर जानसारखं नाव सांगायला लावा. नाव, माहेर, सासर, तारीख, गाणं कधी म्हणतात आणि कुणाकडून शिकलं. दहा वर्षांनी फाइलवर फक्त आकडे दिसतील, तेव्हा हे बोल कामाला येतील.

मूळ फाइलला हात लावू नका. काटछाट करायची ती नकलेवर. दुसरीला पाठवायची तर व्हॉट्सॲपमध्ये "डॉक्युमेंट" म्हणून जोडा, तशी पाठवली की ती न कापता जाते. तीन ठिकाणी ठेवा: एक मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे किंवा इंटरनेटवर. एका घरात पाणी शिरलं तरी दुसरीकडे असेल.

रेडिओवर लागलं म्हणजे जपलं गेलं असं समजू नका. आमचा एफएमसुद्धा साधारण १५,००० कंपांच्या वरचं काही पोचवत नाही आणि वाजलेलं गाणं हवेत विरून जातं. आम्हाला नक्कल द्या, मूळ तुमच्याकडे राहू द्या.

घरात तबकड्या असतील तर

त्या भंगारवाल्याला देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशी चढते. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, तळातल्या फुटतात. कौलांखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात त्या वाकतात आणि चुलीजवळ धूर लागतो. भिंतीपासून जरा लांब, कोरड्या कपाटात ठेवा. जुन्या ७८ च्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका. सुतार पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तबकडीचंही तेच होईल. मऊ, कोरड्या फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा. ७८ ची खाच रुंद असते आणि लाँगप्लेची बारीक, दोघींना सुई वेगळी लागते. जुन्या पोलादी सुईने पुन्हा पुन्हा वाजवण्यापेक्षा जाणकाराकडून एकदा नीट डिजिटल करून घ्या. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे, जुन्या तबकड्यांची किंमत जाणणारी माणसं आहेत. आणि डिजिटल झाली तरी तबकडी टाकू नका, ती मूळ आहे.

येत्या बैठकीत एक गंमत करून बघा. एकीच्या तोंडून एक ओवी घ्या. एकदा व्हॉइस मेसेज करून आणि एकदा रेकॉर्डरवर वरच्या दर्जात. दोन्ही एकाच चांगल्या स्पीकरवर लावा आणि सगळ्यांनी डोळे मिटून ऐका. कोणतं कशातलं ते आधी सांगू नका. शब्दांचे काठ कुठे स्पष्ट आहेत, श्वास कुठे ऐकू येतो, ते एकमेकींना विचारा. आमचं भाषण ऐकून जे पटणार नाही ते कानाला लगेच पटेल.

तर मैत्रिणींनो, तबकडी की मोबाईल, या वादाचा निकाल असा की दोन्हींत चांगला आवाज राहू शकतो आणि दोन्हींत तो बिघडूही शकतो. पहिल्यांदा पकडताना घेतलेली काळजी आणि नंतर न लावलेली कात्री, यावर सगळं ठरतं. त्याला पैसे लागत नाहीत. एक शांत दुपार लागते आणि आजी हयात असाव्या लागतात. दुपार आपल्या हातात आहे. म्हणून पुढच्या बैठकीची वाट न पाहता, याच आठवड्यात गटातल्या दोघींनी एका आजीकडे जाऊन या. तिथे काय मिळालं ते आम्हाला कळवा, आम्ही ऐकायला उत्सुक आहोत.